पुन्हा सुरू होताना

कॉम्प्युटर सुरू करताना कॅबिनेटवर तळहात टेकवून ठेवायची मला सवय आहे. बटण दाबलं की आत कुठेतरी बारीक खटका होतो, पंखा फिरायला लागतो, हार्डडिस्क वेग घेते आणि पत्र्यात एक सलग थरथर भरून येते. काही सेकंद तेवढंच. पडदा अजून काळाच असतो. मग आतल्या चिमुकल्या स्पीकरमधून एक आखूड बीप येते. ती आली की मी हात काढून घेते. आता विंडोजची खूण दिसणार, पडदा उजळणार, काल अर्धवट ठेवलेलं पान उघडता येणार, हे सगळं त्या एका बीपमध्ये येऊन जातं. बीप आली नाही, तर हात तिथेच राहतो.

त्या बीपच्या आधी आत काय चाललेलं असतं हे कळल्यापासून ते काही सेकंद मला फार गंभीर वाटू लागले आहेत. वीज आल्याबरोबर प्रोसेसर कामाला लागत नाही. त्याला रोखून धरलेलं असतं. भिंतीतल्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा मागचा डबा, म्हणजे एसएमपीएस, आधी स्वतः स्थिरावतो. सगळे व्होल्टेज जागेवर आले की एका करड्या वायरवरून तो मदरबोर्डला कळवतो, की आता हरकत नाही. हा निरोप जायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, फार तर अर्धा सेकंद. मग प्रोसेसर सुटतो. त्या घडीला त्याला काहीएक ठाऊक नसतं. मेमरी किती आहे, कीबोर्ड जोडलाय की नाही, डिस्क कुठे आहे, यातलं काही नाही. एकच पत्ता त्याच्या घडणीत कोरलेला असतो, तिथे तो जातो. तिथे मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस असतं. ते एकेकाची विचारपूस करतं. मेमरी आहे का? आहे. कीबोर्ड? आहे. सगळ्यांनी उत्तरं दिली की ती बीप.

हे मशीन पेंटियम फोरच्या काळातलं आहे. रत्नागिरीत, समुद्राचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळच्या घरात, पडवीच्या आतल्या खोलीत ते असतं. त्यावर मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, नमनाची हँडबिलं, शिमग्याच्या कार्यक्रमपत्रिका, वाचनालयांच्या स्मरणिका, निवृत्त शिक्षकांचे कवितासंग्रह, एखाददुसरा दिवाळी अंक. नवीन लॅपटॉपही घरात आहे आणि बरीचशी नवी कामं त्यावरच होतात. पण जुनी सगळी कामं याच मशीनच्या पोटात आहेत, पेजमेकरच्या फाइलींमध्ये, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही, आणि ते पोर्ट आता नव्या मशीनला येत नाही. फाइल लॅपटॉपवर नेऊन उघडली तर कवितेच्या जागी रोमन अक्षरं, अर्धविराम, डॉलरच्या खुणा असा नुसता पसारा दिसतो. सगळी कविता तिथेच असते, पण ती वाचणारं त्या लॅपटॉपमध्ये कोणी नसतं. म्हणून हे मशीन चालू राहावं यासाठी मी जिवाचं रान करते. विंडोज एक्सपीची देखभाल बनवणाऱ्यांनी २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबवली. तेव्हापासून याला इंटरनेट लावलेलं नाही.

तर या मशीनला मध्यंतरी एक विचित्र आजार जडला. सकाळी बटण दाबलं की ते शहाण्यासारखं सुरू व्हायचं. संध्याकाळी बंद केलं की बंद व्हायचं. पण मध्येच रीस्टार्ट दिलं की विंडोज सगळं आवरून घ्यायची, पडदा काळा व्हायचा आणि तिथेच सगळं थांबायचं. पंखा फिरतोय, पुढचा हिरवा दिवा लागलाय, डिस्कचा लाल दिवा मात्र विझलेला. मॉनिटरवर क्षणभर 'नो सिग्नल' यायचं आणि मग त्याचाही दिवा पिवळा व्हायचा. बीप नाही. मेलं म्हणावं तर अंगात धुगधुगी, जिवंत म्हणावं तर हाकेला ओ नाही. मागचं बटण बंद करून जरा थांबून पुन्हा लावलं की काही झालंच नव्हतं असं उठायचं.

कुठलंही मशीन अडलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "एकदा रीस्टार्ट मारून बघा." बँकेत, तहसील कचेरीत, रेल्वेच्या खिडकीवर, सगळीकडे. पंखा बंद करून पुन्हा लावणं, टीव्हीचा प्लग काढून घालणं, मोबाइल बंद करून सुरू करणं, आपल्या घरोघरच्या दुरुस्तीचा निम्मा भाग हाच. त्यामुळे रीस्टार्टच आजारी पडलं तेव्हा मला आधी कळेचना की आता कोणता उपाय करायचा. रोगावरचं औषधच बिघडलं होतं.

अडलेलं मशीन वीज न तोडता पुन्हा सुरू करायची ती तीन बटणांची जोडणी, कंट्रोल, आल्ट आणि डिलीट, डेव्हिड ब्रॅडली यांची. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी आयबीएमच्या मोजक्या इंजिनियरांनी पहिला पीसी घडवला, १९८१ साली तो बाजारात आला, त्या मंडळींपैकी ते एक. काम करताना मशीन सारखं अडायचं, दर वेळी वीज बंद करून सुरू करायची आणि मेमरीची सगळी तपासणी संपेपर्यंत ताटकळत बसायचं, याला कंटाळून त्यांनी आपल्या सोयीसाठी हा आडरस्ता काढला. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं. पण ती तिन्ही बटणं डाव्या हाताच्या आटोक्यात येत, चुकून दाबली जाण्याची भीती होती, म्हणून तिसरं बटण कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दोन्ही हात लागावेत, माणसाने ठरवूनच करावं, यासाठी. मला ही गोष्ट फार आवडते. आणि त्या आडरस्त्यातली आणखी एक. बटणं दाबली की मशीन मेमरीतल्या एका ठरावीक जागी १२३४ ही खूण ठेवायचं आणि मग पहिल्यापासून सुरू व्हायचं. सुरू होताना ती खूण दिसली की त्याला कळायचं, आपण आत्ताच इथे होतो, मेमरी पुन्हा मोजायला नको. म्हणजे सगळं विसरून नव्याने उठायचं, पण आपण विसरलो आहोत एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

आमच्याकडे दुरुस्तीला जो मुलगा येतो (मुलगा म्हणायचं, आता त्याचीच मुलं शाळेत जातात) त्याने फोनवर सांगितलं, "काकू, मी येतो तोवर रीस्टार्ट देऊच नका. शटडाऊन करा, मागचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा." मी विचारलं, "अर्धा मिनिट कशाला रे?" तर म्हणाला, "आतली वीज उतरू दे ना." प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते. तेवढ्यात प्लग पुन्हा घातला तर काही भागांना आपण बंद झालो होतो हे कळतच नाही. शिवाय एसएमपीएसमधून एक जांभळी वायर निघते. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला आहे तोवर तिच्यात ५ व्होल्ट जागे असतात, बटण दाबलेलं कळावं म्हणून. रीस्टार्टमध्ये तर यातलं काहीच थांबत नाही. पंखा फिरत राहतो, करड्या वायरवरचा निरोप तसाच उभा असतो, फक्त प्रोसेसरला म्हटलं जातं, पहिल्यापासून ये.

मेमरीचंही असंच. रॅममध्ये जे लिहिलेलं असतं ते वीज गेली की पुसलं जातं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तिथला एकेक कप्पा म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत झिरपत असतो. चालू मशीनमध्येसुद्धा ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो, नाहीतर मशीन काम करता करताच विसरत जाईल. पण वीज तोडली की सगळं एका क्षणात जातं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि चिपवर थंडगार फवारा मारून ती गोठवली तर कितीतरी मिनिटं. त्यांनी एक चित्र मेमरीत ठेवलं आणि वीज तोडून वेगवेगळ्या वेळांनी ते परत वाचलं. आधी चित्र जवळजवळ तसंच, मग त्यावर रेघा, मग रेघांमधून पुसट काही. ते छायाचित्र मी कितीदा तरी बघितलं आहे. विसरण्यालाही वेळ लागतो, हे इतकं उघड्या डोळ्यांनी बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

लॅपटॉपचा प्रकार तर आणखी उलटा निघाला. २०१२ च्या विंडोज ८ पासून शटडाऊन दिलं तरी ती पुरती बंद होत नाही. लवकर उठता यावं म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच उचलते. सगळं मुळापासून व्हायचं असेल तर तिथे रीस्टार्टच द्यावं लागतं. म्हणजे एकाच टेबलावर दोन मशीनं, एक शटडाऊनशिवाय विसरत नाही आणि दुसरं रीस्टार्टशिवाय. हे मला मुलीने समजावलं तेव्हा मी तिला दोनदा सांगायला लावलं.

दुरुस्तीवाला मुलगा आला तो श्रावणात. आमच्याकडे त्या दिवसांत भिंतींना ओल असते, पुस्तकांच्या कडा मऊ होतात, मीठ बरणीत पाणी धरतं. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी लावत जा, काम नसलं तरी, असं इथले सगळे हार्डवेअरवाले सांगतात, आतली ऊब ओल बाहेर काढते म्हणून. त्याने कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला आणि आधी काहीच न करता टॉर्च मारून नुसता बघत राहिला. प्रोसेसरच्या आजूबाजूला कॅपॅसिटर उभे असतात, लहान लहान नळकांड्या, डोक्यावर फुलीसारखी चीर असलेल्या. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कितीतरी मदरबोर्डांवर खराब कॅपॅसिटर लागले होते. त्यांची डोकी फुगतात आणि त्या चिरेतून तपकिरी द्रव बाहेर येतो. एकेकाच्या डोक्यावरून त्याने बोट फिरवलं. सगळी सपाट.

मग त्याने रॅम काढली. पिशवीतून पांढरा खोडरबर काढला, शाळेच्या कंपासपेटीतला असतो तसलाच, आणि पट्टीच्या खालच्या कडेला ओळीने बसवलेल्या सोनेरी टिकल्यांवर तो हलक्या हाताने फिरवू लागला. एका दिशेने. पुढेमागे घासायचं नाही. खोडरबरावर करडी रेघ उमटली, खाऱ्या हवेची आणि ओलीची. दुसऱ्या बाजूने तसंच. मग ब्रशने भुगा झाडला, खाचेत फुंकर न मारता ब्लोअर मारला (फुंकरीतही ओल असते, हे त्यानेच सांगितलं), दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खुंट्या टक्क करून मिटेपर्यंत रॅम दाबून बसवली. बटण दाबलं. बीप. विंडोज आली. रीस्टार्ट दिलं. काळोख.

"रॅम नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा नव्हती, एक नाव यादीतून कमी झालं होतं. त्याच्या कामाची ही रीत मला मनापासून आवडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि पुन्हा बघायचं. घाई करून दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर ते कशाने झालं हे कायमचं अंधारात राहतं. त्याने बटणासारखी गोल बॅटरी काढून मल्टिमीटर लावला. सगळं बंद असताना मशीनला तारीख-वेळ सांभाळून देणारी हीच. ३ व्होल्टच्या जागी अडीचच्याही खाली आली होती. अलीकडे केलेल्या एका लग्नपत्रिकेवर मशीन २००२ चा जानेवारी का टाकत होतं तेही कळलं. नवी बसवली, घड्याळ लावलं, रीस्टार्ट दिलं. काळोख. जवळचा एसएमपीएस लावून बघितला. काळोख.

या सगळ्यात जो वेळ जात होता, त्यात मला मामंजींची आठवण येत होती. माझ्या सासऱ्यांचा याच खोलीत छापखाना होता. ट्रेडल मशीन, लाकडी केसा, केसांमध्ये अक्षरांचे खिळे. नव्वदीच्या दशकात ऑफसेट आणि डीटीपी गावात आलं आणि खिळ्यांचं काम बघता बघता संपलं. ट्रेडल भंगारात गेलं. खिळे किलोवर विकले, शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या भावाने. मामंजी साठीला आलेले होते. लोकांनी सांगितलं, झालं ते झालं, आता विसरा आणि आराम करा. त्यांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं आणि मी घरी आले की रोज संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. त्यांना माउस कधीच जमला नाही. पण पान बघून ते लांबूनच सांगायचे, दोन ओळींत जागा जास्त पडलीय, तिसऱ्या परिच्छेदाला नदी वाहतेय. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पानावर पांढरी वाट पडते, तिला ते नदी म्हणत. वर्षानुवर्षं खिळे उलटे वाचलेले डोळे होते ते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, यात शंका नाही. पण कोरी नाही केली.

मशीनच्या अडण्याचं उत्तर शेवटी कॅबिनेटच्या बाहेर सापडलं. मुलाने मागच्या सगळ्या वायरी एकेक करून काढायला घेतल्या. प्रिंटर काढला, काळोख. मग यूएसबीचा हब काढला, ज्याला स्कॅनर आणि कार्डरीडर जोडलेला असतो आणि ज्याचा स्वतःचा वेगळा अॅडॉप्टर आहे. रीस्टार्ट दिलं. पंखा, थरथर, आणि बीप. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याने हब पुन्हा लावला, रीस्टार्ट, काळोख. काढला, बीप. लावला, काळोख. तेव्हा कुठे तो हसला.

या हबला त्याच्या अॅडॉप्टरमधून सतत वीज मिळते, आणि काही हबांतून ती उलटी मदरबोर्डात शिरते. त्यामुळे प्रोसेसर पहिल्यापासून सुरू झाला, बायोसने चौकशी सुरू केली, तरी हब आणि त्याला लटकलेला कार्डरीडर आधीच्याच कामात अडकून राहिलेले. बायोस विचारतंय, तू कोण? आणि पलीकडून मघाच्या अर्धवट संभाषणाचं पुढचं वाक्य येतंय. घरातली सगळी माणसं झोपून उठली आहेत आणि एकटा पाहुणा रात्रभर जागून अजून कालच्याच गप्पा पुढे चालवतो आहे, अशी काहीशी अवस्था. बायोस उत्तराची वाट बघत थांबायचं. तक्रार करायला पडदा अजून उजळलेला नसायचा. मग मशीनची वीज तोडली की ते सुरू कसं व्हायचं, हा माझा प्रश्न मुलालाही पडला होता. मग लक्षात आलं, की त्या हबचा अॅडॉप्टर आणि मशीन एकाच पट्टीवर आहेत, आणि मी ज्याला मागचं बटण म्हणते ते त्या पट्टीचं बटण. सगळी वीज जायची तेव्हा पाहुणाही झोपायचा.

याच सुमारास एक जुनी गोष्ट वाचनात आली आणि डोक्यातून गेली नाही. २००४ च्या जानेवारीत स्पिरिट नावाची गाडी मंगळावर उतरली. उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती एकाएकी गप्प झाली. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाहून निरोप जायला तेव्हा दहाएक मिनिटं लागत, उत्तर यायला तेवढीच. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून आली ती फक्त एक बीप. निरोप पोचला, एवढंच सांगणारी. गाडीवरचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, अडखळायचा, स्वतःला रीस्टार्ट करायचा, पुन्हा अडखळायचा. साठाहून अधिक वेळा हे झालं. त्यात तो रात्रीही झोपेना, बॅटरी उतरत चालली. कारण निघालं ते स्मृतीचंच. पृथ्वीपासूनच्या सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली तिच्या फ्लॅश मेमरीत साठून राहिल्या होत्या. दर वेळी उठल्या उठल्या तो त्या सगळ्यांची नोंद घ्यायला जायचा, तेवढ्याला रॅम पुरायची नाही, आणि कोसळायचा. इंजिनियरांनी त्याला कळवलं, की या खेपेला फ्लॅश मेमरीकडे बघूच नकोस, तिच्याशिवाय ऊठ. तो उठला. मग त्यांनी सावकाश नको त्या फाइली पुसल्या. नव्वद दिवसांच्या हिशेबाने पाठवलेली ती गाडी २०१० च्या मार्चपर्यंत बोलत होती. तिथे कॅबिनेटवर हात ठेवायला कोणी नव्हतं. जे काही करायचं ते दुरून, एकेक शक्यता बाद करत, मधली वीस मिनिटं गप्प बसून. पाऊस धो धो कोसळत असताना आमच्या खोलीत खोडरबर फिरवणारा मुलगा आणि ती माणसं मला एकाच जातकुळीतली वाटतात.

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार कोण विसरेल? सुरक्षेसाठी बसवलेल्या एका सॉफ्टवेअरची सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवून बंद पडू लागली. सुरू केलं की पुन्हा तोच निळा पडदा. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अडचण अशी, की दुरुस्त फाइल तयार असून ती घेण्याइतका वेळ मशीन जागं राहत नव्हतं. काही ठिकाणी तर पुन्हा पुन्हा, पंधरा पंधरा वेळा रीस्टार्ट करून बघा, असंच सुचवलं गेलं, एखाद्या खेपेला नवी फाइल आधी पोचेल या आशेवर. बाकी ठिकाणी माणसालाच एकेका मशीनपाशी जावं लागलं, सेफ मोडमध्ये ते उघडायचं, ती एक फाइल शोधून पुसायची, पुढच्या टेबलाकडे जायचं. त्या आठवड्यात रात्ररात्र असं फिरलेल्या माणसांची नावं कुठे आली नाहीत. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

हब आता वेगळ्या स्विचवर आहे आणि स्कॅनरचं काम असेल तेव्हाच लागतो. मशीन रीस्टार्ट होतं. गेल्या महिन्यात एकदा मात्र हब नसतानाही ते अडलं होतं. एकदाच. मुलाला फोन केला तर तो क्षणभर थांबून म्हणाला, "असू दे काकू, परत झालं की तारीख आणि त्या वेळी काय काय लावलेलं होतं ते लिहून ठेवा." वही केली आहे.

वहीशेजारी दुसरी एक यादी आहे, जुन्या फाइलींची. एकेक फाइल उघडून मजकूर युनिकोडमध्ये नेते आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं, पण त्याने केलेलं काम डोळ्यांखालून घालावंच लागतं, कारण पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते आणि रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्या अक्षराच्या नंतर. डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये क्रम जिभेचा, आधी न, मग वेलांटी, मग र, मग झ. 'निर्झर' लिहायला एकीकडे एक चाल आणि दुसरीकडे अगदी वेगळी. मामंजी स्टिकमध्ये खिळे लावायचे तेव्हा वेलांटीचा खिळा आधी बसायचा, मग न. जुन्या फॉन्टने ती चाल जशीच्या तशी उचलली, आणि छापखाना विकल्यानंतरही ती माझ्या फाइलींमध्ये चालत राहिली. आता मी ती मोडते आहे. प्रत्येक पानावर कुठे ना कुठे रफार चुकीच्या डोक्यावर जाऊन बसलेला सापडतो, आणि तो उचलून जागेवर ठेवताना मला त्यांच्या चिमट्याची आठवण होते.

मुलाचं म्हणणं, की सगळी डिस्कच उचलून नव्या मशीनच्या आत एक्सपीसकट चालवता येईल, मग हे मशीन बंद पडलं तरी काळजी नाही. फक्त डोंगलचं कोडं तेवढं उरतं. त्यासाठी पॅरलल पोर्टचं एक कार्ड मिळतं, ते त्याने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवलं आहे. त्या कार्डावरून एक्सपीला डोंगल ओळखू येईल की नाही, हे बसवून बघितल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. गणपती झाले की येतो म्हणाला आहे. तोवर दिवाळी अंकाची चौसष्ट पानं मला याच मशीनवर लावायची आहेत, आणि कवितेच्या पानांचं अजून एकही प्रूफ आलेलं नाही.